मोठे इंजिन, टर्बो आणि ब्रेक : क्लेसी कमिन्स यांची वाटचाल

जुना जालना (प्रतिनिधी) - भारनियमनाचे दिवस जालनेकर अजून विसरलेले नाहीत. २००५ नंतरच्या काही वर्षांत वीज गेली की गांधी चमन परिसरातील दवाखाने, बँका आणि दुकाने यांच्या दाराशी जनरेटर धडधडू लागत. त्यांतील मोठ्या जनरेटरवर एक नाव अनेकदा वाचायला मिळे, ते म्हणजे कमिन्स. औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या कित्येक मालमोटारींच्या इंजिनांवरही हेच नाव असते. पुण्यातील मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे तर ते दहावी-बारावीच्या विद्यार्थिनींनाही पाठ झाले आहे. परंतु हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस आठवीनंतर शाळा सोडलेला शेतकऱ्याचा मुलगा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. क्लेसी लायल कमिन्स हे त्यांचे पूर्ण नाव.

मराठवाड्यातील गॅरेजांमध्ये एक प्रश्न पूर्वीपासून चर्चिला जातो. जुन्या जीपची किंवा मोटारीची ताकद वाढवायची असेल तर मोठे इंजिन बसवावे, की आहे त्याच इंजिनाला टर्बो जोडावा? आणि दोन्ही करायचे असेल तर आधी काय करावे? कमिन्स यांच्या आयुष्यात आणि त्यांच्या नावाच्या कंपनीच्या इतिहासात हा प्रश्न पायरीपायरीने सोडविला गेला. त्यासाठी १९२९ ते १९५२ अशी बावीस-तेवीस वर्षे लागली. प्रत्येक पायरीवर काही ना काही मोडले आणि त्यातून पुढची पायरी दिसली. म्हणूनच त्यांची ही जीवनकथा आज पुन्हा वाचण्यासारखी आहे.

शेतातून कारखान्याकडे

कमिन्स यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या हेन्री परगण्यात झाला. घरची शेती होती. मुलाचा जीव मात्र यंत्रात रमत असे. अकराव्या वर्षी त्याने भंगार लोखंड वितळवून, साचा करून एक छोटे वाफेचे इंजिन तयार केले आणि ते चालवूनही दाखविले. आठवीपर्यंतचे शिक्षण झाल्यावर शाळा संपली. त्यानंतरचे सारे शिक्षण त्यांना निरनिराळ्या कारखान्यांत, हाताला तेल लावून घ्यावे लागले.

१९०८ मध्ये कोलंबस या लहानशा गावातील बँकमालक विल्यम ग्लँटन आयर्विन यांच्याकडे ते मोटारचालक म्हणून नोकरीस लागले. त्या काळी मोटार चालविणारा माणूस हाच तिचा मिस्त्रीही असे. मालकाची गाडी दुरुस्त करता करता कमिन्स यांनी त्यांचा विश्वास संपादन केला. १९११ मध्ये इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली मोटार शर्यत झाली, त्या वेळी विजेत्या मार्मन गाडीच्या मदतनिसांच्या तुकडीत हा तरुण होता. शर्यतीच्या त्या धावपट्टीशी त्यांचे नाते पुढे चार दशके टिकले.

आयर्विन यांनी आपल्या चालकाला गावातच कामासाठी जागा दिली, भांडवल दिले आणि स्वतःचे यंत्रशाळेचे काम सुरू करू दिले. पहिल्या महायुद्धात या यंत्रशाळेला लष्करी कामे मिळाली. युद्ध संपल्यावर पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला. कमिन्स यांची नजर डिझेल इंजिनाकडे वळली.

तोट्याची अठरा वर्षे

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वीरीत्या चालले होते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती इतकी तापते की त्यात सोडलेले तेल ठिणगीशिवाय पेट घेते, हे त्याचे तत्त्व. इंधन कमी लागे. पण इंजिन अवजड आणि संथ असे. जहाजे व वीजनिर्मिती केंद्रे हेच त्याचे घर मानले जाई. रस्त्यावरच्या गाडीत ते बसेल, असे वाटणारे लोक थोडे होते.

३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनीची स्थापना झाली. सुरुवातीला ह्विड पद्धतीचे, सहा अश्वशक्तीचे छोटे शेती इंजिन बनविण्याचा परवाना घेण्यात आला. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स या मोठ्या व्यापारी संस्थेने इंजिनांची मागणी नोंदविली, तेव्हा आता दिवस पालटणार असे वाटले. परंतु माल पसंत न पडल्यास परत घेण्याची सीअर्सची हमी होती. काही शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरले आणि हंगाम संपताच ते परत पाठविले. त्या परतीच्या मालाचा भार कमिन्स यांच्या कंपनीवर पडला.

यानंतर त्यांनी बोटींसाठी इंजिने बनविली, ती सुधारली, पुन्हा नवी बनविली. पैसा मात्र आयर्विन यांच्याच खिशातून जात राहिला. कंपनीला पहिला नफा दिसायला १९३७ साल उजाडावे लागले. अठरा वर्षे तोटा सोसणारा सावकार मिळणे ही कोणत्याही कारागिराच्या नशिबातील दुर्मीळ गोष्ट म्हटली पाहिजे. तरीही १९२९ च्या अखेरीस या सहनशीलतेचीही मर्यादा आली. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता. कंपनी गुंडाळण्याची चर्चा सुरू झाली होती.

नाताळची सफर

कमिन्स यांनी या वेळी केलेला उपाय आजच्या कोणत्याही गॅरेजवाल्याला ओळखीचा वाटेल. त्यांनी वापरलेली एक मोठी पॅकार्ड मोटार घेतली, तिचे पेट्रोल इंजिन उतरविले आणि त्या जागी बोटीसाठी बनविलेले आपले चार सिलिंडरचे, यू जातीचे डिझेल इंजिन बसविले. पॅकार्डचे लांबलचक बॉनेट या कामी उपयोगी पडले. नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबर १९२९ रोजी, त्यांनी आयर्विन यांना त्या गाडीतून फेरफटका मारून आणला. दोन दशकांपूर्वीचा चालक आपल्या मालकाला पुन्हा गाडीत बसवून नेत होता. फरक एवढाच, की या खेपेस इंजिन चालकाने स्वतः बनविलेले होते.

त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी १९३० मध्ये, ही गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाकडे निघाली. ७९२ मैलांच्या, म्हणजे सुमारे १२७५ किलोमीटरच्या त्या प्रवासाला तेलाचा खर्च आला अवघा एक डॉलर ३८ सेंट. आयर्विन यांनी कंपनी बंद करण्याचा विचार सोडून दिला. त्याच वर्षी डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर कमिन्स यांनी डिझेल इंजिन बसविलेली दुसरी पॅकार्ड ताशी सुमारे ८० मैल, म्हणजे जवळपास १२९ किलोमीटर वेगाने पळवून डिझेल गाडीचा विक्रम केला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पॅकार्डमध्ये बसविलेले इंजिन अवजड होते, मजबूत होते, काटकसरी होते. पण ते चपळ नव्हते. इंजिनाची ताकद अखेर त्याच्या पोटात जाणाऱ्या हवेवर ठरते. जेवढी हवा आत जाईल तेवढेच तेल पूर्णपणे जळेल. उरलेले तेल काळा धूर होऊन बाहेर पडते. हवा वाढविण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. सिलिंडर मोठे करावेत किंवा त्यांची संख्या वाढवावी. इंजिन अधिक फेऱ्यांनी पळवावे. अथवा हवा बाहेरून दाबून आत कोंबावी. जुन्या डिझेलला फार पळविता येत नसे. त्यामुळे आकार आणि दाब हेच दोन मार्ग उरत.

न थांबता पाचशे मैल

१९३१ मध्ये कमिन्स यांनी इंडियानापोलिसच्या शर्यतीत डिझेल गाडी उतरविली. ड्यूसेनबर्ग बनावटीच्या सांगाड्यावर सुमारे ५.९ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन बसविले होते. त्याची ताकद ८५ अश्वशक्तीच्या आसपास होती. चालक होते डेव्ह इव्हान्स. पात्रता फेरीत गाडीने ताशी ९६.८७ मैलांचा वेग गाठला. प्रत्यक्ष शर्यतीत ती ताशी सुमारे ८६ मैलांच्या सरासरीने धावली आणि तेराव्या क्रमांकावर आली. पण पाचशे मैलांत ती एकदाही थांबली नाही. तेल भरायला नाही, चाक बदलायला नाही आणि दुरुस्तीलाही नाही. संपूर्ण शर्यत विनाथांबा पुरी करणारी ही पहिली गाडी ठरली. विजेत्या गाडीची सरासरी ताशी ९६ मैलांहून अधिक होती. इंजिन टिकाऊ आहे हे सिद्ध झाले, पण ताकद कमी पडते हेही त्याच दिवशी उघड झाले.

त्याच वर्षी कमिन्स डिझेल बसविलेला एक ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे निघाले. सव्वातीन हजार मैलांच्या या प्रवासाचा तेलखर्च ११ डॉलर २२ सेंट इतका आला, म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण त्या प्रवासातील एका प्रसंगाचे मोल या आकड्यापेक्षा अधिक होते. कॅलिफोर्नियातील कहोन घाट उतरताना ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले. पेट्रोल इंजिन उतारावर गाडीला जसे आपोआप मागे धरते तसे डिझेल धरत नाही, कारण त्याच्या हवेच्या वाटेवर झडप नसते. खाली रस्त्याला आडवी मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा रस्ता ओलांडून गेला आणि क्षणभराच्या अंतराने ट्रक रूळ पार करून गेला. जीव वाचला, पण तो उतार कमिन्स यांच्या मनातून कधी गेला नाही.

आधी आकार, मग दाब

१९५० मध्ये कंपनीची गाडी पुन्हा इंडियानापोलिसला आली, तेव्हा इंजिन मोठे झाले होते. सहा सिलिंडर आणि ६.६ लिटर. त्याला सुपरचार्जर जोडला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप. तो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, पण त्यासाठी इंजिनाने कमावलेल्या ताकदीतला वाटा खातो. शर्यतीच्या पहिल्या पन्नासएक फेऱ्यांतच त्या यंत्रणेने दगा दिला आणि चालक जिमी जॅक्सन यांना बाहेर पडावे लागले.

दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, क्लेसी यांचे भाऊ डॉन कमिन्स यांच्या पुढाकाराने नवी गाडी तयार झाली. क्लेसी एव्हाना कंपनीच्या रोजच्या कारभारातून बरेचसे दूर झाले होते. इंजिनाचा आकार ६.६ लिटरच राहिला. ते जवळजवळ आडवे झोपवून बसविल्यामुळे गाडी अगदी बुटकी झाली. आणि सुपरचार्जरच्या जागी टर्बो आला.

टर्बोची कल्पना तेव्हा नवी नव्हती. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे दुसरे चक्र बसवावे आणि फुकट जाणाऱ्या ताकदीवर इंजिनाला जास्त हवा द्यावी, असा हा हिशेब आहे. जहाजांच्या व आगगाड्यांच्या डिझेल इंजिनांत तो रुळला होता. इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर मात्र टर्बो जोडलेली गाडी यापूर्वी आली नव्हती.

चालक फ्रेड अगाबाशियन यांनी या गाडीतून पात्रता फेरीत ताशी १३८.०१ मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर अशी सरासरी गाठली. तो त्या वेळचा नवा विक्रम होता आणि त्याच्या बळावर डिझेल गाडीला सर्वांच्या पुढची जागा मिळाली. १९३१ चे इंजिन ८५ अश्वशक्तीचे होते. हे सुमारे ४०० अश्वशक्तीचे होते. इंजिनाचा आकार एक अष्टमांशाने वाढला आणि ताकद चौपटीहून अधिक झाली. त्यात टर्बोचा वाटा मोठा होता, पण त्या दाबाला टिकेल असे सहा सिलिंडरांचे दणकट इंजिन आधी तयार होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी मात्र यश हुलकावणी देऊन गेले. टर्बोची हवा ओढण्याची वाट गाडीच्या पुढच्या भागात, जमिनीलगत ठेवली होती. इतर गाड्यांच्या टायरांचे झिजून उडालेले रबराचे कण त्यात ओढले गेले, ती तुंबली, आणि दोनशे फेऱ्यांपैकी एकाहत्तर फेऱ्या झाल्यावर गाडी थांबली. इंजिन शाबूत होते, टर्बोची कल्पनाही बरोबर होती. चूक होती ती हवा घेण्याच्या तोंडाच्या जागेची. पुढील काळात टर्बो हा ट्रकच्या डिझेल इंजिनाचा नेहमीचा भाग होऊन गेला.

पुण्याची वाट

१९६२ मध्ये शंतनुराव किर्लोस्कर यांच्या उद्योगसमूहाने या अमेरिकन कंपनीशी भागीदारी केली आणि पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली. कोथरूडच्या माळावर उभ्या राहिलेल्या या कारखान्यातील इंजिने जनरेटर, खाणी, बांधकामाची यंत्रे अशा अनेक ठिकाणी पोहोचली. हीच कंपनी आता कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाते. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्यालाही हे नाव मिळाले. शाळा अर्धवट सोडावी लागलेल्या माणसाच्या नावाने मुली अभियंता होत आहेत, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

१९९३ मध्ये टाटा समूहाशी झालेल्या भागीदारीतून जमशेदपूरला टाटा कमिन्स कंपनी निघाली आणि ५.९ लिटरचे टर्बो इंजिन टाटांच्या ट्रकांत आले. टाटांचे आधीचे ६९७ इंजिन सुमारे ५.७ लिटरचे होते. आकारात फरक नाममात्र, पण चढावर फरक किती पडला हे सळ्यांनी भरलेला ट्रक चालविणारा कोणताही चालक सांगू शकेल.

शेवटचे काम

कॅलिफोर्नियातील निवृत्तीच्या काळात कमिन्स यांनी हाती घेतले ते कहोन घाटाचे जुने काम. ताकद वाढविण्यात आयुष्य घालविलेला हा माणूस आता गाडी रोखण्याच्या मागे लागला. इंजिन हवा दाबते तेव्हा त्याची शक्ती खर्च होते. पण दाबलेली हवा पुन्हा पसरताना ती शक्ती परत देते. दाब शिगेला पोहोचताच बाहेरची झडप क्षणभर उघडून हवा सोडून दिली, तर शक्ती परत मिळत नाही आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते. या तत्त्वावरचा इंजिन ब्रेक त्यांनी घडविला. ड्रिलचे चक बनविणाऱ्या जेकब्ज कंपनीने १९६१ पासून तो बाजारात आणला. आपल्याकडील ट्रकांत दिसणारा, धुराची वाट अडविणारा एक्झॉस्ट ब्रेक निराळा. पण उतारावर चाकांचे ब्रेक तापू नयेत हा दोन्हींचा हेतू एकच. कन्नडचा औट्रम घाट उतरणाऱ्या चालकाला त्याचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१९६७ मध्ये कमिन्स यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १७ ऑगस्ट १९६८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी धडा

गॅरेजमधील मूळ प्रश्नाकडे आता परत येऊ. झिजलेल्या छोट्या इंजिनाला टर्बो जोडला की वाढलेला दाब आणि उष्णता सोसताना प्रथम हेड गॅस्केट जाते, मग पिस्टन. शिवाय कमी फेऱ्यांवर धूरच पुरेसा निघत नसल्याने टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. पेट्रोल इंजिनात तर अवेळी पेट घेण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका निराळाच. याउलट थोडे मोठे, दणकट इंजिन आधी बसविले तर कमी दाबातही पुरेशी ताकद मिळते. म्हणजे आधी इंजिन आणि मग टर्बो हा क्रम बरोबरच आहे. मात्र मोठ्या इंजिनाचे वजन पुढच्या स्प्रिंगपाट्यांवर येते, वाढलेली ताकद क्लच आणि गिअरबॉक्सवर येते, वाढलेली उष्णता रेडिएटरवर येते आणि वाढलेला वेग ब्रेकवर येतो. हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलायचे झाल्यास आरटीओची परवानगी आणि पुस्तिकेतील नोंद आवश्यक असते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

समृद्धी महामार्ग आता जालन्याजवळून जातो. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. कमिन्स यांच्या १९३० च्या विक्रमी पॅकार्डचा वेग जवळपास तेवढाच होता, आणि तो त्यांनी मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर गाठला होता. जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवून, वर टर्बो जोडून या रस्त्यावर उतरू पाहणाऱ्या तरुणाने ताकदीचा हिशेब जरूर करावा. पण मिस्त्रीने गाडी ताब्यात देण्याआधी त्याला ब्रेकचे काय केले, हा प्रश्नही विचारावा. तो प्रश्न कहोन घाटाच्या उतारावर सापडला होता आणि त्याचे उत्तर द्यायला कमिन्स यांना तीस वर्षे लागली होती.